निरागसतेचा अपराध : ‘आइस-कँडी-मॅन’मधील बालनिवेदक
बालनिवेदकाच्या कादंबरीत निरागसता हरपते म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, मुलाला जग कळू लागते. मृत्यू, वासना, मोठ्यांचा दुटप्पीपणा यांचा परिचय होतो आणि बाल्य सरते. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. बाप्सी सिधवा यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आइस-कँडी-मॅन’ या इंग्रजी कादंबरीतून हे अपुरेपण स्पष्ट होते. येथे निरागसता केवळ हरपत नाही. ती स्वतःच अपराधाचे साधन होते.

कादंबरीचे स्थळ लाहोर, काळ १९४७ च्या फाळणीच्या आगेमागेचा. निवेदक लेनी ही पोलिओने अधू झालेली पारशी मुलगी. तिला सांभाळणारी तरुण आया हिंदू; तिच्या ओढीने बागेत जमणाऱ्या मंडळींत मात्र हिंदू, मुसलमान, शीख असे सारेच. लेनीला दोन कवचे आहेत. एक बाल्याचे, दुसरे, झगडणाऱ्या पक्षांपासून अलिप्त राहू पाहणाऱ्या पारशी समाजाच्या तटस्थतेचे. लेखिकेने ही दोन्ही कवचे एकाच प्रसंगी भेदली आहेत आणि कादंबरीचे मर्म तेथेच आहे.

त्याची पूर्वसूचना आधी मिळते. रस्त्यावरील एक अमानुष दृश्य पाहून घरी आलेली लेनी आपली बाहुली फाडून टाकते. पाहिलेले क्रौर्य हातांत उतरते. परंतु हा अजून खेळच आहे. पुढे जमाव आयेला शोधत दाराशी येतो. वृद्ध मुसलमान स्वयंपाकी इमामदीन, ती निघून गेली, असे शपथेवर खोटे सांगतो. जमाव परतण्याच्या बेतात असताना ओळखीचा बर्फकांडीवाला लेनीला गोड बोलून विचारतो आणि ती खरे सांगून बसते. वृद्धाचे असत्य जीव वाचवू पाहते. बालकाचे सत्य आयेचा घात करते. सत्य उच्चारणे आणि सत्याचे परिणाम जाणणे यांतील अंतर लेनीला एका क्षणात कळते. प्रौढत्व म्हणतात ते हेच.

यानंतर लेनी दात घासण्याच्या ब्रशाने आपली जीभ रक्ताळेपर्यंत घासते. या प्रसंगाचा अर्थ पश्चात्तापापुरता मर्यादित नाही. ज्या जिभेने घात केला, तीच जीभ आपल्याला ही कथा सांगत आहे. त्यामुळे सारे निवेदनच प्रायश्चित्ताचे रूप घेते. मराठीत प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) मधील लंपन आठवतो. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या लंपनचे दुःखही खोल आहे. पण ते वाट्याला आलेले दुःख आहे, त्याच्या हातून घडलेले नव्हे. त्याचे वाढणे करुण आहे, तर लेनीचे शोकात्म.

या कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. निवेदन बहुतांशी वर्तमानकाळात असूनही मुलीच्या तोंडी अनेकदा प्रौढाची शब्दकळा आणि उपरोध येतो. पुढे हिरामंडीत सापडलेल्या आयेच्या सुटकेची सूत्रे गॉडमदरच्या हाती जातात आणि लेनी पुन्हा केवळ साक्षीदार उरते. ज्या अपराधाने तिला प्रौढ केले, त्याचा भार तिच्याऐवजी दुसरेच कोणी उतरवते.

तरीही एक गोष्ट लेखिकेने सांभाळली आहे. सुटका झालेली आया पूर्वीची राहिलेली नाही. तिच्या शून्य नजरेत लेनीला प्रवेश मिळत नाही आणि क्षमाही मिळत नाही. लेनी पुष्कळ काही जाणू लागली आहे. पण जिचा घात झाला, तिचे अंतरंग तिला अज्ञातच राहते. या अज्ञानाला आता निरागसता म्हणता येत नाही.