कापणारा हात आणि निवेदनाचा प्रश्न

मराठीत 'सुंता' हा शब्द पुरुषदेहाशी इतका जखडलेला आहे की हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावी तो उच्चारला, तर ऐकणाऱ्यापुढे मुलगाच उभा राहील. मुलीच्या जननेंद्रियाच्या छेदनासाठी मराठीने आपला शब्द घडविला नाही. शब्द नाही म्हणून अनुभव नाही, असे मात्र नव्हे. मुंबईतील दाऊदी बोहरा समाजात सुमारे सात वर्षांच्या मुलीच्या शिश्निकेवरील त्वचा कापण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आली. कापल्या जाणाऱ्या त्या भागाचे 'हराम की बोटी' हे नाव पाहावे. पाते लागण्यापूर्वीच भाषेने निवाडा केलेला असतो.

या विषयावरील लेखनाची खरी कसोटी वेदनेच्या वर्णनात नाही. रक्तस्राव, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, शरीरसुखाविषयी घर करून राहिलेली भीती हे परिणाम वैद्यकाला सांगता येतात. साहित्यापुढचा पेच वेगळा आहे: कापणारा हात आपल्याच माणसाचा, बहुधा बाईचा असतो. त्या हाताचे निवेदन करायचे कसे?

ॲलिस वॉकर यांच्या 'पझेसिंग द सीक्रेट ऑफ जॉय' (1992) या कादंबरीत ताशी वयात आल्यावर, वसाहतवादी सत्तेविरुद्ध आपल्या जमातीशी निष्ठा म्हणून, स्वतःहून छेदन करवून घेते आणि पुढे ते करणाऱ्या म'लिसाचा जीव घेते. अनेक निवेदकांची योजना करूनही कादंबरीचा कल सूडाकडे झुकतो. शिवाय ओलिंका ही कल्पित भूमी साऱ्या आफ्रिकेचे ओझे वाहते, हा आक्षेप रास्तच होता. याउलट नवाल अस्-सादावी यांच्या, 1980 साली इंग्रजीत 'द हिडन फेस ऑफ ईव्ह' या नावाने आलेल्या ग्रंथाच्या प्रारंभीच्या आत्मकथनात सहा वर्षांची मुलगी मदतीसाठी आईला हाक मारते आणि आई त्या अनोळखी माणसांतच, हसऱ्या मुद्रेने उभी असलेली तिला दिसते. या एका दृश्यात जे साधले, ते वॉकरना खून घडवूनही साधत नाही.

मराठी वाचकाला हे दृश्य सर्वस्वी परके नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सुनेचे नाक कापले जाण्याची हकीकत येते, आणि त्यामागे सासूची चिथावणी असते. मराठीत 'नाक कापणे' हा बेअब्रूचा वाक्प्रचार. तिथे तो शब्दशः खरा होतो. फरक इतकाच की कापलेले नाक गाव पाहते. खतना मात्र कपड्याआड राहतो, आणि पुष्कळदा स्वतः त्या बाईच्या स्मृतीतही नावावाचून पडून असतो.

मासूमा रानालवी यांनी जाहीरपणे सांगितलेल्या अनुभवात आजी खाऊचे आमिष दाखवून नातीला भेंडीबाजारातील एका जुन्या इमारतीत नेते. जे घडले त्याचे नाव मुलीला पुष्कळ वर्षांनी, वाचनातून कळते. दलित आत्मकथनांच्या चर्चेत रूढ झालेला 'अनुभवाची प्रामाणिकता' हा निकष इथे ताणला जातो. अनुभव सातव्या वर्षीचा, अर्थ प्रौढपणीचा. म्हणून निवेदन खोटे ठरत नाही. उलट या दोन काळांतली फट हाच त्या संहितेचा आशय आहे. प्रिया गोस्वामी यांच्या 'अ पिंच ऑफ स्किन' (2012) या माहितीपटात चेहरे झाकून बोलणाऱ्या बायका दिसतात. ही केवळ सावधगिरी मानणे उथळपणाचे होईल. आजीविरुद्ध बोलावे लागते, पण आजीला गमवायचे नसते.

न्यायालयात अशा साक्षींचे काय होते? 2017 साली सर्वोच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका दाखल झाली. त्याच वर्षअखेरीस महिला व बालविकास मंत्रालयाने या प्रथेविषयी अधिकृत आकडेवारी उपलब्ध नसल्याचे न्यायालयाला कळविले. ज्या कृत्याला नोंदीतले नावच नव्हते, त्याची नोंद मिळणार कोठून? 2018 मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. दरम्यान बोहरा स्त्रियांचीच एक संघटना प्रथेच्या समर्थनार्थ उभी राहिली. 'छेदन' हा शब्दच तिला अमान्य आहे. 'खफ्ज' हा धार्मिक विधी आहे, असे तिचे म्हणणे. त्यांचे 'आम्ही'देखील आस्थेने वाचावे लागेल. कारण त्याही कधीकाळी सात वर्षांच्या होत्या. मात्र त्या 'आम्ही'त आज सात वर्षांची असलेली मुलगी कुठेच बोलत नाही.