परदेशाची बातमी: व्यासंग आहे, वार्ताहर नाही

कोणत्याही मराठी दैनिकाचे 'देश-विदेश' पान उघडा. बातमीच्या सुरुवातीला वॉशिंग्टन, बीजिंग, तेहरान अशी गावे असतात आणि त्यापुढे बहुधा वृत्तसंस्थेचे नाव. रात्रपाळीच्या उपसंपादकाने पीटीआयची किंवा रॉयटर्सची इंग्रजी कॉपी समोर ठेवून, पान सोडायच्या घाईत केलेला तो अनुवाद असतो. त्याच्या कष्टांविषयी आदर आहे. पण तेहरानमध्ये काय पाहायचे आणि कोणाला विचारायचे, हे मराठी वाचकाच्या वतीने ठरवणारा माणूस तिथे नसतो.

परंपरा मात्र जुनी आहे. 1906 नंतर सावरकर लंडनहून पाठवत असलेली बातमीपत्रे मुंबईच्या 'विहारी'त छापून येत. पहिल्या महायुद्धाच्या काळात नाटककार कृ. प्र. खाडिलकर यांनी पुण्यात बसून 'चित्रमयजगत्'मध्ये युद्धावर लेखमाला लिहिली. पुढच्या मराठी लेखकांनी प्रामुख्याने खाडिलकरांची वाट धरली: भरपूर वाचायचे, नकाशा पुढ्यात घ्यायचा आणि वाचकाला घडामोडींची संगती लावून द्यायची.

या वाटेवर मोठे काम झाले. 1968 ते 1996 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक असलेल्या गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त ग्रंथरूपाने मांडला. अरुण साधूंनी 'आणि ड्रॅगन जागा झाला'मधून चीनची क्रांती मराठीत आणली. त्यांच्यातला कादंबरीकार तिथे उपयोगी पडला. गिरीश कुबेरांनी तेलाचे राजकारण उलगडले. 'एका तेलियाने'मध्ये सौदीचे माजी तेलमंत्री झाकी यामानी यांच्या चरित्रातून त्यांनी पश्चिम आशियाचे अर्थकारण समजावून दिले. जगाचे भान असलेला मराठी वाचक अशा लेखनाने घडवला. तरीही या व्यासंगी परंपरेत सत्ताधीश, करार आणि युद्धे ठळक दिसतात. त्या-त्या देशातला शेतकरी, शिक्षिका, ट्रकचालक क्वचितच बोलतात. निळू दामले यांच्यासारखा स्वतंत्र पत्रकार अफगाणिस्तानात जाऊन तिथल्या माणसांशी बोलतो, तेव्हा उणीव कुठे होती ते कळते.

भारतीय पत्रकारांना धाडस कमी पडते असे नाही. रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी 2018 मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या रॉयटर्सच्या चमूतले दानिश सिद्दिकी 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डकमध्ये लढाई टिपताना मारले गेले. अशा कामामागे विमा, प्रशिक्षण, स्थानिक सहायक आणि वर्षानुवर्षे खर्च सोसणारी संस्था लागते. मराठीत ते बळ आजवर कुणी फारसे उभे केलेले नाही. म्हणून परराष्ट्र विषयात रस असलेला मराठी तरुण एकतर इंग्रजीत जातो, नाहीतर स्टुडिओतल्या चर्चेत तज्ज्ञ म्हणून बसतो. त्या चर्चेत आवाज चढतो, माहिती वाढत नाही.

याची किंमत आपण मोजतो. 2023 च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. पुढच्या हंगामात युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. प्रवास लांबला, भाडे चढले. त्याच समुद्रात कोकणातली पोरे बोटीवर नोकरी करतात. येमेनची बातमी अशी निफाडच्या बागेत आणि दापोलीच्या घरात पोहोचते. पण तो धागा पकडायला ज्याला येमेनही कळते आणि निफाडही, असा वार्ताहर हवा.

असा वार्ताहर घडवणे अशक्य नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात वर्षानुवर्षे पत्रकारिताही शिकवली गेली आणि जर्मन, रशियन, जपानीही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने यातली एक भाषा धरावी, एकच प्रदेश निवडावा आणि किमान दहा वर्षे तो सोडू नये. वृत्तपत्रांनी मोठी कचेरी थाटू नये. दोन-तीन दैनिकांनी मिळून एक माणूस दुबईत किंवा ढाक्यात ठेवावा. दुबईत मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत, ढाका तर शेजारी आहे. तळवलकरांचा व्यासंग आणि दामल्यांची पायपीट एकाच माणसात आली, तर मराठी परराष्ट्र पत्रकारिता अनुवादातून बाहेर पडेल. संपादकांनी त्यासाठी पैसे काढावेत आणि वाचकांनी तशी मागणी करावी.