हुंकारा देणारा माणूस हवा

आमच्याकडे गोष्ट सांगणारा एकटा बसत नाही. त्याच्यासमोर कुणीतरी हुंकारा द्यायला लागतो. वाक्य संपलं की ‘हं’, वळण आलं की ‘मग?’. हुंकारा थांबला की गोष्टही थांबते. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं आणि माझा डोळा लागला की आजीला अंधारातही लगेच कळायचं. मराठी पॉडकास्ट ऐकताना मी मुलाखतकाराला याच मापाने मोजत आलो आहे. पाहुणा किती मोठा आहे, याने मला फारसा फरक पडत नाही. समोरचा खरोखर ऐकतोय का, हे मी आधी पाहतो.

माझं बरंचसं ऐकणं नंदुरबारहून तळोद्यामार्गे धडगावला जाताना होतं. चांदसैलीचा घाट लागला की रेंज जाते, म्हणून भाग आदल्या रात्रीच उतरवून ठेवावे लागतात. घाटात भाग बदलता येत नाही, त्यामुळे निवड जपून करायची सवय लागली.

नाटक-सिनेमाची ओढ असणाऱ्याला मी आधी सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’ सुचवतो. पोटे मूळचे पत्रकार, पण बातमी काढायच्या घाईत नसतात. नट किंवा दिग्दर्शक आपल्या उमेदवारीच्या दिवसांत शिरला, की त्याला तिथे रमू देतात. घर, नातेसंबंध, मनाचं आरोग्य हे ज्याचे विषय आहेत त्याने ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’ ऐकावं. तज्ज्ञाला घरातल्या माणसाचा प्रश्न घरातल्याच भाषेत विचारायचा, हे त्यांचं बळ. मात्र त्यातलं घर बहुतेक वेळा शहरातलं असतं. सिकलसेल हा आमच्या पाड्यांवरचा ओळखीचा आजार. लग्न जुळवताना त्याबद्दल काय बोलायचं आणि कसं, हे इतक्याच आपुलकीने विचारणारा आवाज मी अजून शोधतो आहे.

राजकारण आणि अर्थकारणासाठी विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’ आहे. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी हिंदीतली ‘पुलियाबाजी’ही आवर्जून ऐकायला सांगतो. सौरभ चंद्र, प्रणय कोटस्थाने आणि ख्याती पाठक सार्वजनिक धोरणासारखा रुक्ष वाटणारा विषय पुलावर बसून गप्पा माराव्यात तसा उलगडतात. इंग्रजी चालत असेल तर अमित वर्मांचं ‘द सीन अँड द अनसीन’ घ्यावं. एकेक भाग कित्येक तासांचा असतो, आणि एवढा वेळ न कंटाळता हुंकारा देणं ही केवढी साधना आहे, हे तिथे कळतं.

एवढं सगळं चांगलं असूनही एक गोष्ट खटकते. मराठी पॉडकास्ट म्हणजे दोन खुर्च्या, दोन माइक आणि समोर कॅमेरा, असं समीकरण होऊन बसलं आहे. यूट्यूबमुळे श्रोते वाढले, पण कान मागे पडला. पाहुणा हातातला फोटो दाखवतो, मुलाखतकार दाद देतो, आणि घाटात डोळे मिटून बसलेल्या माणसाला फोटोत काय आहे ते कुणी सांगत नाही. गप्पा हा एक प्रकार झाला. ध्वनीत कथा रचणं ही वेगळी कला, आणि ती मराठीला नवी नाही. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांनी नुसत्या आवाजावर पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजींचं घर उभं केलं होतं. नभोनाट्याचा तो वारसा आजच्या पॉडकास्टवाल्यांनी जवळजवळ वाऱ्यावर सोडला आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये ‘सिरियल’ने एका जुन्या खुनाचा तपास भागाभागांत, कानाने ऐकण्यासाठीच रचला आणि सगळ्या जगाला या माध्यमाकडे वळवलं. मराठीत त्या वाटेवर मोजकेच दिसतात. निरंजन मेढेकरांची ‘मराठी क्राईम कथा’ आहे. २०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘स्टोरीटेल’ या श्राव्य पुस्तकांच्या सेवेने वाचिक अभिनयाला पुन्हा काम दिलं. आणि बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ आहे, जिच्यात जगातला एखादा प्रश्न एकच आवाज शांतपणे उलगडत नेतो.

ती एकदा मी जीपमध्ये मोबाईलच्या स्पीकरवर लावली होती. मागे बसलेले एक म्हातारबाबा थोड्या वेळाने वाक्यावाक्याला ‘हां’ म्हणू लागले. भाषा त्यांची नव्हती, विषय सातासमुद्रापारचा होता. पण सांगण्याची चाल त्यांना ओळखीची वाटली. गप्पांच्या एकाही भागाला मी असा हुंकारा मिळालेला पाहिला नाही.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी इथे रोज बोलल्या जातात. ऐकणारे नाहीत, असं म्हणायची सोय नाही. ‘हाई झुमका वाली पोर’ या अहिराणी गाण्याने ते केव्हाच सिद्ध केलं. पण गाण्यापलीकडे, सांगण्या-ऐकण्याचं नेमाने चालणारं काही या भाषांत हवं. त्याचा एक नमुना म्हणजे छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरींनी २०१० मध्ये सुरू केलेलं ‘सीजीनेट स्वर’. साध्या फोनवरून कुणीही गोंडीत आपलं म्हणणं नोंदवावं, आणि इतरांनी फोनवरच ते ऐकावं. स्मार्टफोनही लागत नाही. दुसरा नमुना महाराष्ट्रातलाच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) त्या प्रसिद्ध करते तेव्हा ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही देते. मला ही काळजी फार मोलाची वाटते.

आमच्या बोलींतल्या पहिल्या पॉडकास्टचा पहिला भाग अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीचा व्हावा. सुरुवातीला निवेदन नकोच. लांबून येणारे ढोल, कमरेला भोपळे बांधून नाचणाऱ्या बुध्यांचे घुंगरू, पहाटे होळी पेटतानाचा कल्लोळ. मग एखाद्या जाणत्या बाईने तिच्या बोलीत सांगावं, आणि तिच्यासमोर तीच बोली जाणणारं एखादं पोर हुंकारा द्यायला बसावं. भाग दहा-बारा एमबीच्या वर जाऊ नये, म्हणजे धडगावच्या बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात गाण्यांबरोबर तोही मेमरी कार्डात भरून घेता येईल.