कॅमेऱ्यासमोरची बैठक : ऑनलाइन शारीरिक शिक्षणाचे परीक्षण



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गणिताबरोबर शारीरिक शिक्षणाचा तासही मोबाइलवर आला. मैदानाविना हा विषय शिकवताच येत नाही, असा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. मला तो अर्धवट वाटतो. कबड्डी घरात खेळता येत नाही हे खरे. पण बैठका, सूर्यनमस्कार, आसने यांना चटईपुरती जागा पुरते. कमी पडली ती दुसरीच गोष्ट.

साधी बैठक घ्या. गुडघे आत वळतात का, हे समोरून दिसते. पाठ गोल होते का, टाचा उचलल्या जातात का, हे बाजूने दिसते. एका जागी ठेवलेला मोबाइल यांपैकी एकच बाजू नीट दाखवतो, तीही पडद्यावरच्या छोट्याशा चौकोनात. नेट पुरत नसेल तर तो चौकोनही काळा. शिक्षक आकडे मोजतात, तुम्ही बैठका मारता. तुम्ही शिकता त्या नियंत्रणशास्त्राच्या भाषेत ही ‘ओपन लूप’ प्रणाली झाली : आज्ञा जाते, पण चूक मोजून परत येत नाही. मग सरावाने चूकच पक्की होते.

मी राहतो त्या जयलक्ष्मीपुरमला लागून गोकुलम आहे. पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग योगासाठी तिथे जगभरातून लोक येतात. त्यांचे गुरू टी. कृष्णमाचार्य १९३० च्या दशकात म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात योग शिकवत. या परंपरेतल्या ‘म्हैसूर पद्धती’त प्रत्येक जण आपल्या श्वासाच्या गतीने आपला क्रम करतो, शिक्षक वर्गात फिरून पाहतो आणि एक आसन जमले की पुढचे देतो. अंगाला हात लावून दुरुस्ती करण्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, ते विसरू नयेत. पण इथे घेण्यासारखे आहे ते एकेकाकडे पाहणे, स्पर्श नव्हे.

हे पाहणे ऑनलाइन जमले असते का? हिशेब करू. साठ विद्यार्थ्यांनी समोरून आणि बाजूने २०-२० सेकंदांचे चित्रण पाठवले, तर ते पाहायला ४० मिनिटे लागतात. प्रत्येकाला एकच दुरुस्ती कळवायची आणि पुढच्या आठवड्यात तीच हालचाल पुन्हा पाहायची. चित्रण द्यायला संकोच वाटणाऱ्यांना दुसरा पर्याय हवा, आणि पाहून झालेले चित्रण पुसायला हवे. जिथे गुण फक्त हजेरीवर आणि खेळांच्या नियमांच्या प्रश्नमंजूषेवर दिले गेले, तिथे दोष माध्यमाचा कमी आणि मूल्यमापनाचा जास्त होता.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला. आठवड्याच्या एका तासात तो होणार नाही; बहुतेक व्यायाम तुम्हाला एकट्यानेच करायचा आहे. म्हणून त्या तासात व्यायाम उरकण्यापेक्षा तो बरोबर करायला शिकणे महत्त्वाचे.

हा प्रश्न टाळेबंदीबरोबर संपलेला नाही. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाने २०२२ च्या अभ्यासक्रमात राष्ट्रीय सेवा योजना, शारीरिक शिक्षण किंवा योग यांपैकी एक सक्तीचे केले आहे. तुमच्याकडे हा विषय मैदानावर असो वा मोबाइलवर, सत्राच्या शेवटी एवढेच तपासा : माझी कोणती चूक शिक्षकांनी पाहिली, आणि ती सुधारली का?