विजेचे एकच उणे

दिवाळी अंकातील टीकालेखाच्या पानांवर मुलांच्या एका खेळाची चर्चा यावी, हे काही वाचकांना रुचणार नाही. त्यांना एवढेच विचारतो: ज्या कृतीत दीडशेवर पात्रे आहेत, प्रत्येक पात्राला त्याचे बळ आणि त्याचे व्यंग नेमून दिलेले आहे, आणि ती सारी पात्रे घरातले दहा वर्षांचे पोर पाढ्यांपेक्षा बिनचूक म्हणून दाखवते, त्या कृतीकडे टीकाकाराने पाठ का फिरवावी? आमच्या कितीएक कादंबऱ्यांना एवढे भाग्य लाभलेले नाही. निदान माझ्या तरी नाही.

'पोकेमॉन' हा तो खेळ. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे लहानपणी तोक्योच्या कडेला असलेल्या माचिदा गावी किडे पकडत हिंडत असत. पुढे तेथे वस्ती वाढली आणि किडे हिंडायच्या जागा गेल्या. किडे शोधण्याचा तो आनंद त्यांनी मोठेपणी यंत्रात आणला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात 'लाल' आणि 'हिरवी' अशा दोन आवृत्त्या निघाल्या. त्यांत १५१ प्राणी होते. ते रानावनांतून पकडायचे, वाढवायचे आणि गावोगावच्या वस्तादांच्या प्राण्यांशी झुंजवायचे, एवढेच कथानक. प्रत्येक प्राण्याला कुळ असते: कोणी अग्नीचा, कोणी जळाचा, कोणी तृणाचा. पाणी आगीला विझवते, आग गवताला जाळते, हे सांगायला पंडित लागत नाही. मी येथे केवळ विद्युत्कुळाविषयी, मुलांच्या भाषेत 'इलेक्ट्रिक टाइप'विषयी, लिहिणार आहे. पहिल्या आवृत्तीत या कुळाचे अवघे नऊ प्राणी होते. परंतु खेळकर्त्यांची कलादृष्टी मला याच कुळात सर्वांत स्वच्छ दिसते, आणि पुढे ती कोठे सैलावली हेही येथेच दिसते.

या कुळाचा कायदा असा. विजेचा डाव जळाच्या आणि उडणाऱ्या प्राण्यांवर दुप्पट बसतो. तृण, ड्रॅगन आणि स्वतःचे भाऊबंद यांच्यावर निम्मा बसतो. आणि भूमीच्या कुळावर? शून्य. थोडासुद्धा ओरखडा उठत नाही. उलट याच भूमीचा डाव विजेवर दुप्पट बसतो, आणि शुद्ध विद्युत्कुळाला साऱ्या जगात वैरी असा तेवढा एकच.

विज्ञानाचे शिक्षक येथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही. मग उडणाऱ्या पाखरावर वीज दुप्पट का? वळवाचा पाऊस आला की झाडाखाली उभे राहू नका म्हणून आपली वडीलधारी मंडळी बजावतात. मग गवतझाडांना वीज निम्मीच का लागावी? ड्रॅगनबद्दल तर काही बोलायलाच नको. या कोष्टकाचा पुष्कळसा भाग विज्ञानाचा नाहीच, तो माणसाच्या जुन्या भयाचा आणि कल्पनेचा आहे. आकाश विजेचे घर, म्हणून तेथे फिरणारे तिच्या तावडीत, असा तो न्याय. पण भूमीच्या बाबतीत कल्पना आणि वस्तुस्थिती एकमेकींना टाळी देतात. घराशेजारी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून तारकाम करणारा जी पट्टी पुरतो, तिचेच तत्त्व येथे आहे. आकाशातून कडाडत आलेली वीज शेवटी मातीत जाते आणि माती हूं की चूं करीत नाही. एवढ्या मोठ्या सामर्थ्यापुढे पराक्रमी योद्धा उभा न करता मुकी माती उभी करावी, ही या खेळातली मला सर्वांत सुंदर वाटलेली कल्पना आहे.

आणि ती केवळ कोष्टकात ठेवलेली नाही, गावाच्या रचनेतही उतरवली आहे. व्हर्मिलियन या बंदराच्या गावी विद्युत्कुळाचा वस्ताद राहतो. त्याचे नाव लेफ्टनंट सर्ज. धिप्पाड अमेरिकन शिपाईगडी. त्याचा राइचू नव्या खेळाडूचे प्राणी एकामागून एक लोळवतो. पोर हिरमुसून गावाबाहेर पडते, तो पूर्वेला हाकेच्या अंतरावर एक भुयार लागते. त्यात राहतात डिगलेट: मातीतून नुसते डोके वर काढलेले, चिमुकले, हास्यास्पद चिचुंदरीवजा जीव. त्यांचाच थोरला अवतार डगट्रिओ, म्हणजे तीन डोकी एकत्र. राइचूच्या वेगाचा मूळ आकडा त्या आवृत्तीत १००, तर डगट्रिओचा १२०. म्हणजे ज्या चपळाईवर विजेने मिरवावे, तिच्यातही माती पुढे! वस्तादाच्या दाराशी त्याचा काळ आणून ठेवायचा आणि तसे कोठेही लिहून ठेवायचे नाही, ही संयमाची गोष्ट आहे. आम्ही कादंबरीकार असतो तर तेथे अर्धे पान उपदेश खर्ची घातला असता.

विजेचे खरे तेज पाहायचे तर गायराडॉसशी तिची गाठ घालावी. मॅजिकार्प नावाचा एक निरुपयोगी मासा नुसता तडफडत असतो. तो विसाव्या पायरीला पोचला की एकाएकी अजस्र, विक्राळ गायराडॉस होतो. दिसायला पुरता ड्रॅगन. पण त्याचे कुळ ठरवले आहे जळ आणि उड्डाण. (याला उडण्याचा डाव मात्र शिकवता येत नाही, हे विशेष.) दोन्ही कुळे विजेची शिकार, म्हणून घाव दुपटीचा चौपट होतो. ज्याने सारा संघ चिरडत आणलेला असतो, तो अनेकदा एका लोळासरशी आडवा होतो. रूपाने ड्रॅगन आणि कुळाने मासाच, हा विनोद विजेवाचून उघडा पडला नसता.

डावांतही विचार आहे. 'थंडर' हा मोठा डाव पहिल्या आवृत्तीत १२० बळाचा, पण शंभरांत सत्तर वेळा लागणारा. 'थंडरबोल्ट' ९५ बळाचा आणि न चुकणारा. गणित केले तर पहिल्याचे सरासरी मोल ८४ भरते. म्हणजे गडगडाट मोठा आणि पदरात कमी. तरीही मुले 'थंडर'च निवडतात, आणि मला त्यांचे मन कळते. पुढे १९९९ च्या 'सोनेरी' आणि 'रुपेरी' आवृत्तींत पाऊस पडत असला की 'थंडर' चुकत नाही अशी सोय झाली. ही दुरुस्ती मला फार आवडते. मेघाशिवाय वीज नेम धरीत नाही, एवढेच ती सांगते. 'थंडर वेव्ह' हा तिसरा डाव काहीच इजा करीत नाही, फक्त प्रतिस्पर्ध्याचे अंग लुळे करतो: पहिल्या आवृत्तीत वेग पूर्वीच्या चौथाईवर येई आणि चारांतली एक पाळी वाया जाई. जाणते खेळाडू याला पहिल्या दोहोंपेक्षा अधिक मानतात.

त्याच १९९९ साली पोलादाचे कुळ जन्मले आणि लोहचुंबकांचा झुपका असलेला मॅग्नेटॉन वीज व पोलाद अशा दोन्ही कुळांचा झाला. अंगावर चिलखत चढले, कितीतरी कुळांचे घाव बोथट झाले. पण पोलादही भूमीपुढे दुबळेच. त्यामुळे मातीचा जो डाव पूर्वी दुप्पट बसे तो आता चौपट बसू लागला. चिलखताची किंमत वसूल झाली. पहिल्याच आवृत्तीतला झॅपडॉस हा विजेचा थोर पक्षी असाच. तो उडतो, म्हणून माती त्याला गाठूच शकत नाही. पण त्याच पंखांमुळे बर्फ आणि दगड त्याचे नवे वैरी झाले. खेळकर्त्यांना विजेला जमिनीवरून उचलता येत होते, पण ते फुकट उचलीत नव्हते.

म्हणूनच २०१० च्या 'काळ्या' आणि 'पांढऱ्या' आवृत्तींतली ईलेक्ट्रॉस ही वीजमासळी मला खटकते. कुळ शुद्ध विद्युत्, आणि अंगी 'लेव्हिटेट' नावाचा गुण, ज्यामुळे ती अधांतरी तरंगते आणि भूमीचे डाव खालून निघून जातात. म्हणजे नेहमीच्या झुंजीत हिला कोणत्याच कुळाचे भय नाही. समर्थक म्हणतील, तिला संथ केले आहे, वेगाचा आकडा ५० च ठेवला आहे, त्यामुळे तिने कोणाचे राज्य बुडवले नाही. खरे आहे. पण संथ वीज ही काय चीज झाली? व्यंग काढून घेतले आणि भरपाई म्हणून स्वभावही काढून घेतला. अशा निर्दोष नायकांच्या कादंबऱ्या आपण पुष्कळ वाचल्या आहेत; त्यांतला एकही नायक दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

२०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायलेट'मध्ये आयोनो या वस्तादबाईने हीच युक्ती वेगळ्या रीतीने योजली. तिचा शेवटचा मिसमॅजिअस हा मुळात भूतकुळातला, तरंगणारा. झुंजीपुरता स्फटिकाचा मुकुट घालून तो विद्युत्कुळात शिरतो. जुना खेळाडू भूमीचा डाव टाकतो आणि तोंडघशी पडतो. येथे मात्र मला राग येत नाही. हे उसने सोंग आहे, एका खेळापुरते, आणि जुन्या कायद्याची आठवण पक्की असेल त्यालाच ते चकवते.

राहता राहिला पिकाचू. अत्सुको निशिदा यांनी रेखाटलेला हा पिवळा जीव जगभर पोचला तो १९९७ साली सुरू झालेल्या चित्रमालिकेमुळे. आपल्याकडील मुलांनी ती हिंदीत पाहिली. वास्तविक झुंजीच्या हिशेबाने तो दुबळा: पहिल्या आवृत्तीत संरक्षणाचा आकडा केवळ ३०. मालिकेत ब्रॉक या पहिल्या वस्तादाच्या ओनिक्सशी, म्हणजे दगड-भूमीच्या प्रचंड सर्पाशी, त्याची गाठ पडते. तेथे पिकाचूच्या विजेने आग लागते, छतातले पाण्याचे फवारे सुटतात, ओनिक्स भिजतो आणि हतबल होतो. प्रसंग रंगतदार आहे, पण कायदा मोडलेला आहे. खेळात ओनिक्स कितीही भिजला तरी वीज त्याला शून्यच.

मालिकेच्या लोकप्रियतेमुळे १९९८ साली जपानात 'पिवळी' आवृत्ती निघाली आणि तिच्यात पहिला सोबती म्हणून पिकाचूच दिला. लाडक्याला पहिल्याच आखाड्यात हार नको, म्हणून ब्रॉकचा साप बदलणे सोपे होते. खेळकर्त्यांनी तो बदलला नाही. त्यांनी पहिल्या गावांच्या पश्चिमेकडील गवतात मॅन्की नावाचे एक भांडखोर माकड आणून सोडले. लढवय्या कुळाचे असल्याने ते दगडाला पुरून उरते. तेव्हा ब्रॉकला भिडायचे तर आधी गवत तुडवीत हे माकड पकडून आणायचे, त्याला चार झुंजी देऊन तयार करायचे. विजेचा दगड पुढे केला तरी पिकाचू राइचू व्हायला नकार देतो. तो आहे तेवढाच राहतो, आणि ते माकड शोधायला निघालेल्या मुलाच्या मागोमाग पडद्यावर तुरुतुरु चालत येतो.