‘श्यामची आई’तल्या रात्री

मंडळी, ‘श्यामची आई’ आपण आधी धडा म्हणून वाचली, पुस्तक म्हणून नंतर. काहींनी तर नंतरही नाही! साने गुरुजींनी त्यात प्रकरणं नाही पाडली, रात्री पाडल्या. 42 रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना सांगतो, गोष्ट थांबते, उरलेलं उद्या. आई आता हयात नाही हे ऐकणाऱ्यांना ठाऊकच आहे. म्हणजे ‘पुढे काय’ ही उत्सुकता बाद. मग ताण येतो कुठून? कर्जातून. 32व्या रात्रीच्या नावात कर्ज आहे, 37व्या रात्रीच्या नावात अब्रूचे धिंडवडे. मधल्या रात्री गाळून वाचा, धक्का बसेल, पण ते आतून दुखणार नाही. पाठ्यपुस्तकासाठी आपण एखादीच रात्र उचलतो. संस्कार हाती येतो, सावकार गळतो. आणि वर आपणच म्हणतो, फार रडवं पुस्तक आहे बुवा.