दुर्गेची आगगाडी

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ चा. दोन्ही कृतींवर प्रेम करणारा रसिक तुलनेस बसला की बहुधा मूळकृतीशी निष्ठा किती, याचाच हिशेब मांडतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. काशाच्या शुभ्र तुऱ्यांमधून दुर्गा व अपू आगगाडीकडे धावतात, ते दृश्य प्रथम पाहताना आनंदाबरोबर फसवणूक झाल्याचीही भावना मनात आली. कादंबरीतील दुर्गेला आगगाडी कधीच दिसत नाही. रुळांच्या शोधात ती भावंडे वाट चुकतात. पुढे आजारपणात ती अपूजवळ तीच इच्छा बोलून दाखवते. त्या अपुऱ्या इच्छेचे ओझे अपूबरोबर वाचकही वाहतो. चित्रपटात तिला गाडी ओझरती का होईना लाभते, आणि ते ओझे हलके होते. हा बदल मला अद्याप मानवलेला नाही.

मात्र राय कादंबरीचे उपरे वाचक नव्हते. तिच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनीच पूर्वी काढली होती. चोरीचा प्रसंग पाहावा. दुर्गेच्या मृत्यूनंतर अपूच्या हाती लागणारी सोन्याची डबी कादंबरीत बांबूच्या बनात भिरकावली जाते. चित्रपटात तिची माळ होते व ती तळ्यात पडते. शेवाळ दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटू लागते. बहिणीची लाज भावाने झाकली, हे सांगण्यास तेथे एकही शब्द लागत नाही. आता कादंबरी वाचतानाही, त्या पानावर आलो की, बांबूच्या बनाऐवजी मला ते पाणीच दिसते.